करवंटीतला साबण

संपत आलेला साबण नव्या वडीला चिकटवायचा तर दोन्ही ओले हवेत, पण फार ओले नकोत. नव्या वडीवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, त्या खळग्यात जुना पापुद्रा बसवायचा, अंगठ्यानं दाबायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळपर्यंत धरला तर ठीक. नाही धरला तर ऐन आंघोळीत तो सुटतो, मोरीच्या जाळीवर जाऊन बसतो आणि वाकून उचलावा लागतो. पन्नाशीनंतर हे वाकणं महागात पडतं. तरी मी तो टाकत नाही. जे टाकतात त्यांच्याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही.

परवा दुपारी नेमका हाच उद्योग चालला होता. लाइट गेलेले, घर सामसूम, आणि फोन वाजला. भाची. ती असते फ्रान्सात, लियाँला, कुठल्याशा प्रयोगशाळेत. तिकडे सकाळचे साडेदहा.

"आत्या, मला आज सगळ्यांसमोर साबण लागला."

"डोळ्यांत गेला का? चोळू नकोस हं. गार पाण्याचे हबके मार."

"अगं नाही गं! सरांनी झापलं मला. बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावली म्हणून. तर शेजारचा पोरगा म्हणतो, त्यांनी तुला 'साव्हाँ' दिला. साव्हाँ म्हणजे साबण. इथे असंच म्हणतात."

"मग आपल्याकडे त्याला बिनपाण्यानं हजामत म्हणतात," मी म्हटलं.

ती हसायला लागली, म्हणजे प्रकरण फार गंभीर नव्हतं. फोन ठेवल्यावर मी मात्र हातात तो पापुद्रा घेऊन तशीच बसले. फ्रेंच माणसं निदान साबण तरी लावतात, आपण तर थेंबभर पाणीही लावत नाही. आणि आपले सगळेच शब्द बघा. धुलाई, धुवून काढणं, खरडपट्टी, झाडाझडती. माणसाला रागावणं आणि त्याला स्वच्छ करणं यांत आपल्या भाषेला फारसा फरक दिसत नाही. लहानपणी आईनं आंघोळ घातलेल्या कुणालाही तो दिसणार नाही. मानेमागचा मळ निघेपर्यंत तोंडाचा पट्टा चालूच असायचा.

संध्याकाळी भाचीचा निरोप आला. तिच्या खोलीत एक स्पॅनिश मुलगी राहते, तिला हा किस्सा सांगितला तर ती बुचकळ्यात पडली. त्यांच्याकडे 'हाबोन' लावणं म्हणजे खुशामत करणं. त्यावर एका जर्मन ओळखीच्यानं भर घातली, की त्यांच्याकडे एखाद्याला साबण फासणं म्हणजे त्याला गंडवणं. म्हणजे तोच साबण एका देशात शिवी खाताना लागतो, दुसऱ्यात ओवी ऐकताना, आणि तिसऱ्यात खिसा कापला जाताना. त्या तिसऱ्या कामासाठी आपण चुना ठेवलाय आणि दुसऱ्यासाठी लोणी. लोणी काय नि साबण काय, मूळ जिन्नस स्निग्धच.

शब्दाच्या मागे लागायची मला जुनी खोड आहे. निवडायला घेतलेली मेथी तशीच राहते आणि मी कोश उघडून बसते. त्या रात्रीही तेच झालं.

युरोपात हा शब्द जवळजवळ सगळीकडे आहे. इंग्रजीत सोप, जर्मनमध्ये झायफं, डचमध्ये झेप, इटालियनमध्ये सापोने, पोर्तुगीजमध्ये सबांव, ग्रीकमध्ये सापुनी, वेल्शमध्ये सेबॉन. फिनिश आणि हंगेरियन या तर या भाषाकुटुंबाबाहेरच्या, पण त्यांच्याही मोरीत साइप्पुआ आणि सापान आहेतच. फिनिशमध्ये 'साइप्पुआकिविकाउप्पिआस' असा एक शब्द आहे. साबणाला लागणारा क्षार विकणारा, असा काहीसा अर्थ. त्यांच्या लिपीत त्याची १९ अक्षरं होतात आणि तो उलटा वाचला तरी तोच राहतो. असा माणूस फिनलंडच्या बाजारात कुणाला कधी भेटला असेल असं वाटत नाही. पण आपण तरी 'ती होडी जाडी होती' हे कुठल्या बंदरावर उभं राहून म्हणतो?

रशियन आणि त्यांचे पोलिश, चेक भाऊबंद तेवढे अलग बसलेत. रशियनांचं 'मिला' हे धुणं या क्रियापदावरून आलेलं. ईमेलला ते गमतीनं हाच शब्द वापरतात, कारण कानाला तो मेलसारखा लागतो. असो.

तर हा शब्द पहिल्यांदा लिहून ठेवला तो रोमच्या थोरल्या प्लिनीनं, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. त्यानं एक अवाढव्य ग्रंथ लिहिला, ज्यात हत्तीपासून कांद्यापर्यंत सगळं आहे, आणि ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा तिकडे गेला आणि मेला. त्याच्या अठ्ठाविसाव्या खंडात 'सापो' आहे. ही गॉल लोकांची, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात तेव्हा राहणाऱ्यांची युक्ती, चरबी आणि राख यांपासून करतात, बकऱ्याची चरबी आणि बीच झाडाची राख असेल तर उत्तम, असं तो सांगतो. आणि मग सांगतो की हे केस लाल करायला वापरतात, आणि जर्मनांत बायकांपेक्षा पुरुषच जास्त.

मी हे दोनदा वाचलं. केस लाल करायला! म्हणजे या शब्दाची सुरुवात धुण्यातून नाहीच, ती झाली मेंदीच्या वाटीतून. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून पेपर वाचत बसणारे आमच्या सोसायटीतले एक काका आहेत. त्यांना हे सांगायला हवं, की तुमचं घराणं दोन हजार वर्षांचं आहे.

रोमन लोक स्वतः साबण लावत नसत. अंगाला तेल चोळायचं आणि धातूच्या वाकड्या पट्टीनं ते मळासकट खरवडून काढायचं, अशी त्यांची पद्धत. अक्षरशः खरडपट्टी. शब्द त्यांनी उत्तरेकडच्या रानटी म्हणवल्या जाणाऱ्या लोकांकडून उचलला. मग लॅटिनमधून तो फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन लेकरांकडे गेला. इंग्रज, डच, जर्मन यांच्याकडे तो मुळात घरचाच. ज्यांना रोम गावंढळ समजत होतं, त्यांच्या न्हाव्याच्या पेटीतला शब्द पुढे सगळ्या सभ्य युरोपानं अंगाला लावला.

रोमजवळ 'सापो' नावाचा डोंगर होता, तिथे बळी दिलेल्या जनावरांची चरबी आणि होमाची राख पावसानं वाहून नदीत येई, आणि तिथे धुणाऱ्या बायकांचे कपडे जास्त पांढरे निघत, म्हणून सापो, अशीही एक गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे. पण जुन्या ग्रंथांत असा डोंगर कुठे सापडत नाही. आपल्याकडच्या स्थळपुराणांसारखंच हे: आधी नाव, मागून डोंगर. इटलीतल्या साव्होना गावाचेही लोक शब्दावर हक्क सांगतात म्हणे. सांगोत बापडे.

चरबी आणि राख. या दोन शब्दांशी मी अडले, कारण आमच्या घरात हे दोन्ही होतं आणि साबण नव्हता. म्हणजे होता, पण त्याचा इतिहास वेगळा.

आमचं गाव कोकणात. मागीलदारी न्हाणी, तिच्यात एक काळी शिळा, शेजारी तांब्याचा बंब. आजीच्या सासूबाई साबणाला शिवत नसत. "चरबी असते हो त्यात" एवढंच कारण. त्या डाळीचं पीठ लावत, आणि त्यांच्या सोवळ्याला घरातल्या इतरांचा साबणाचा हात लागला तरी ते पुन्हा पिळून वाळत पडे. मी त्यांना पाहिलेलं नाही. आजी त्यांची नक्कल करायची, ओठ मुडपून, आणि नक्कल झाल्यावर देवाला हात जोडायची. त्या बिचाऱ्या सोवळ्याच्या वेडापायी चेष्टेचा विषय झाल्या. आता बघावं तर प्लिनी त्यांच्या बाजूनं साक्षीला उभा. बकऱ्याची, असं नावानिशी सांगतोय.

आणि गंमत अशी, की त्याच सासूबाईंच्या देखरेखीखाली आजी रोज साबण करत होती. तुपकट तपेली, तेलकट कढई, सगळं चुलीतल्या राखेनं घासायचं, नारळाच्या काथ्यानं. राखेतला क्षार आणि तपेलीचं तूप यांचं पाण्यात जे होतं त्यालाच साबण म्हणतात. थोडाच होतो, तिथल्या तिथे होतो आणि तिथल्या तिथे वाहून जातो. पण होतो. म्हणूनच नुसत्या पाण्यानं न निघणारी चिकटी राखेनं निघायची. गॉल लोकांनी तो गोळा करून केसांना लावला. आजीनं तो केळीच्या आळ्यात सोडला.

केसांना आमच्याकडे शिकेकाई आणि रिठा. रिठे आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करायचे. आमचं काम बिया वेगळ्या करण्याचं. काळ्या कुळकुळीत, गुळगुळीत, गोट्यांसारख्या. वीस-पंचवीस बिया खिशात असल्या की शाळेत वट असायची. रिठ्याच्या फेसात पपईच्या पानाचा पोकळ देठ बुडवून फुंकलं की फुगे निघत. एकदा मी फुंकण्याऐवजी ओढलं. ती चव अजून जिभेवर आहे, कडू, आणि घशाला कुणीतरी काथ्या लावल्यासारखी.

या रिठ्याच्या झाडाचं शास्त्रीय नाव सापिंडस. लॅटिन सापो आणि इंडस यांचा जोड: हिंदी साबण. मला क्षणभर अभिमान वाटला. मग कळलं की त्याच वंशात अमेरिकेतलंही एक झाड आहे, सापिंडस सॅपोनारिया, म्हणजे त्याच्या नावात साबण दोनदा. कोलंबसाच्या कृपेनं तिकडच्या लोकांनाही इंडियनच म्हणत. तेव्हा हा 'इंड' नक्की कुणाचा, आमच्या मागीलदारचा की त्यांच्या, हा प्रश्न पडला आणि मी अभिमान परत डब्यात ठेवला. रिठ्यात ज्यामुळे फेस येतो त्या द्रव्याचं नाव मात्र सॅपोनिन. पुन्हा तोच शब्द. चरबीचा कण नाही, राखेचा कण नाही, आजीच्या सासूबाईंना चालणारी वस्तू, आणि नाव जर्मनांच्या केसांच्या रंगावरून.

आपला साबण कुठून आला याचे दोन रस्ते सांगतात. एक अरबी-फारसीतल्या 'साबून'चा, म्हणजे जमिनीवरचा. दुसरा पोर्तुगीज 'सबांव'चा, समुद्रावरचा. हिंदीतला साबुन सरळ पहिल्या रस्त्यानं आलेला दिसतो. मराठी साबणाचं मन मला दुसऱ्या रस्त्याकडे ओढ घेतंय असं वाटतं. याला पुरावा नाही, माझ्या माहेरच्या गावाला समुद्र आहे एवढंच. पण न्हाणीत जरा नजर फिरवा. बादली पोर्तुगीज. न्हाणी बांधताना गवंड्यानं आणलेलं घमेलं पोर्तुगीज. न्हाणीच्या कुलपाची चावी पोर्तुगीज. आणि हे सगळं ज्यातून घेतलं तो पगारही पोर्तुगीज. एवढे पाहुणे आधीच आत असताना साबण एकटा दारात कशाला थांबेल? जपानमध्येही तो जहाजातूनच उतरला. साबणाच्या फुग्यांना जपानी मुलं आजही 'शाबोन-दामा' म्हणतात, शाबोनचे गोळे. पपईचा देठ त्यांना मिळतो की नाही कोण जाणे.

एक मात्र आहे. त्या शब्दाच्या शेवटी 'ण' बसला तो इकडेच. बाहेर तो 'न'वर थांबतो, 'प'वर थांबतो, आणखी कशाकशावर थांबतो, पण 'ण'वर नाही. इकडे आला आणि त्याला लसूण, मीठ-भाकर खाऊ घातल्यासारखा 'ण' चिकटला. आता तो कुणाचाही असो, परत मागायला आले तर ओळखणार नाहीत.

देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती म्हणा. शाम्पू हा शब्द इकडून तिकडे गेला. मूळ हिंदीतलं चांपणं, म्हणजे आपलं चेपणंच. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर स्नानगृह काढलं आणि इंग्रजांची अंगं चेपून दिली, पार दोन राजांपर्यंत. तेव्हा शाम्पूचा अर्थ अंग रगडणं. पुढे तो डोक्यावर चढला, मग बाटलीत गेला आणि बाटलीतून एक-एक रुपयाच्या पुडीत शिरून आमच्या गावच्या दुकानात माळेसारखा लटकायला लागला. त्या पुड्या आल्या आणि रिठे भिजत घालणं बंद झालं. आजी म्हणायची, "पुडी फाडायला दात हवेत. मला रिठाच बरा."

भाचीनं मागच्या दिवाळीत फ्रान्सातल्या मार्से शहराचा साबण पाठवला होता. मोठा चौकोनी ठोकळा, हिरवट, सहाही अंगांवर छाप मारलेला, आणि त्यात ७२ टक्के असा आकडा. एवढं तेल त्यात असतं अशी हमी. मी तो साड्यांच्या कपाटात ठेवलाय. भाचीला वाटतं वापरला. त्या रात्री त्याचीही कुंडली काढली. १६८८ साली, चौदाव्या लुईच्या राजवटीत, फर्मान निघालं: साबणात शुद्ध ऑलिव्ह तेलच घालायचं, चरबी अजिबात नाही, आणि जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत कारखाने बंद ठेवायचे, कारण उन्हाळ्यात माल बिघडतो. फ्रान्सचा राजा आणि आजीच्या सासूबाई यांचं एवढ्या एका बाबतीत संपूर्ण एकमत आहे. त्यांना हा ठोकळा दाखवता आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तरीही डाळीचं पीठच लावलं असतं, ते सोडा.

तर ते चिकटवण्याचं. ही खोड आजीची. पण तिची पद्धत माझ्याहून सोपी होती. ती चिकटवायचीच नाही. न्हाणीच्या कोनाड्यात एक करवंटी होती, तिच्यात घरातले सगळे उरलेसुरले तुकडे जायचे. वडिलांच्या दाढीचा पांढरा, काकाचा लाल, दिवाळीच्या सुवासिक साबणाचा पिवळसर चंद्र, कपड्यांच्या निळ्या वडीचा कोपरा. कोकणातल्या हवेत काहीच कोरडं राहत नाही. पावसाळ्यात ते सगळे आपोआप एकमेकांत मुरत आणि त्यांचा एक गोळा होई, वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांचा. रानातून, गोठ्यातून आलेल्यानं पहिले हात त्याच गोळ्यानं धुवायचे. अंगाच्या साबणाला हात लावला तर आजी ओरडायची. तो गोळा संपलेला मी कधी पाहिला नाही. खालून झिजायचा आणि वरून वाढायचा.

मुंबईचे पाहुणे आले की त्यांच्यासाठी नवी वडी निघायची. ते गेले की आजी ती उचलून, पुसून, कागदात गुंडाळून परत कपाटात ठेवायची, पुढच्या पाहुण्यांसाठी. एकदा एका मामींनी जाताना ती वडी बरोबर नेली. तो विषय आमच्या घरात चार वर्षं चालला.

डच लोकांच्यात एक बोलण्याची रीत आहे. माणूस मेला की तो 'साबणाला गेला' असं काहीसं म्हणतात. भाचीनंच पाठवलं होतं ते, हसणारी तोंडं जोडून. मी रात्री उशिरा वाचलं.

आजी गेली तेव्हा मी नोकरीत होते, पुण्यात. पोचेपर्यंत सगळं झालं होतं. मग दिवसवार झाले. तेराव्याला गाव जेवायला होतं, पंक्तीवर पंक्ती उठत होत्या, आणि मागीलदारी हात धुवायला काय ठेवायचं यावरून घाई झाली. कुणाला काही सापडेना. आईनं न्हाणीतली करवंटी आणली आणि पन्हळीच्या दगडावर ठेवली. आंबट-गोड, तुपकट हातांनी एकेक माणूस येत होतं, गोळा हातात फिरवत होतं, परत ठेवत होतं. लाल पट्टा गेला, मग पांढरा. मी तांब्यानं पाणी घालत होते. शेवटची पंगत वाढप्यांची. त्यांचे हात धुऊन झाले तेव्हा करवंटीत नुसतं निळसर पाणी उरलं होतं.

आईनं ते केळीच्या आळ्यात ओतलं आणि करवंटी चुलीत घातली.